ताईच्या अपिलात मी जे बोललो

माझी ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सतराची. वडिलांची नोकरी फिरतीची, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे मला शाळेत घालणं, शाळेतल्या बाईंशी माझ्या बाजूने भांडणं, माझ्या डोक्यातल्या उवा काढणं, टायफॉइडमध्ये तीन आठवडे माझ्या उशाशी बसणं, हे सगळं तिनं केलं. लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की म्हणायची, "एक पोरगं वाढवून झालंय माझं. तेच फार काही धड निघालं नाही, दुसऱ्याची हौस कुणाला?" हे माझ्यासमोर, माझ्या बायकोसमोर, मोठ्यानं. मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो तरी तिच्या तोंडी मी 'छोट्या'च होतो.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. इमारतीच्या तळघरात दोन मोठी रोलरची यंत्रं. एका बाजूनं ओली चादर आत जायची, दुसऱ्या बाजूनं कडक, गरम होऊन बाहेर यायची. तिथं दोघीजणींनी टोकं धरायची, झटकायची, चार पावलं एकमेकींकडे चालायचं आणि घडी. दिवसाला हजारभर चादरी. एकतीस वर्षं. तिथल्या बायका तिला 'घडीबाई' म्हणायच्या, कारण कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर ती घडी पुन्हा मोडायला लावायची. नवीन मुली कुरकुरल्या, तर सांगायची, "माणूस मरायला टेकलेला असला तरी त्याच्या अंगाखालची चादर सरळ पाहिजे. निदान तेवढं तरी सरळ असू दे बिचाऱ्याचं."

त्रेपन्नाव्या वर्षी तिची बोटं धरायला लागली. आधी वाटलं, कामाचं दुखणं. मग मनगटं, मग गुडघे, मग सकाळी उठल्यावर सगळं अंगच गोठल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, हा साधा वात नाही, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट बिघडलं, केस गळले, आणि सांधे दुपारपुरते मोकळे व्हायला लागले. साडेदहा-अकराच्या पुढे ती निम्मी-अधिक माणसात यायची. त्याआधी हात म्हणजे नुसते लाकडाचे तुकडे.

धुलाईघरात कामाची पाळी सकाळी सातची. सुपरवायझर चांगला माणूस होता, त्यानं तिला रोलरवरून काढून मोजणीच्या टेबलावर बसवलं. तिथंही पेन धरवेना. दोन वर्षं असं ढकललं आणि मग तिनंच एके दिवशी चिठ्ठी दिली. निरोपाच्या दिवशी बायकांनी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर एकेक घडी घालून दाखवली. ताईनं त्यातल्या दोन मोडायला लावल्या.

घरी बसल्यावर वर्षभर तिनं साठवलेल्यावर काढलं. मी भत्त्याचं बोललो, की विषय बदलायची. सरकार काम न करू शकणाऱ्या माणसांना महिन्याला ठरावीक रक्कम देतं, हे तिला माहीत होतं. पण तिच्या लेखी ती रक्कम दुसऱ्या कुणासाठी होती. जे खरंच पडलेले असतात त्यांच्यासाठी.

"मी आजवर कुणाचं फुकट खाल्लं नाही छोट्या."

"फुकट कसलं? एकतीस वर्षं तुझ्या पगारातून कापलेत त्यांनी. तुझेच आहेत."

"माझेच आहेत तर मग अर्ज कशाला करायचा? घरी आणून द्या म्हणावं."

शेवटी ती तयार झाली, ती माझ्या बायकोमुळे. बायकोनं तिला फक्त एवढंच म्हटलं, "ताई, तुम्ही अर्ज केला नाहीत तर हा रोज रात्री जेवताना त्यावरच बोलत राहणार. माझ्यावर दया करा." ताई हसली आणि म्हणाली, "आण बाबा तो कागद."

कागद म्हणजे बत्तीस पानं. मी वीज खात्यात तक्रार खिडकीवर बसतो, फॉर्म हा माझा रोजचा धंदा. लोक येतात आणि म्हणतात, 'जरा लाइटचा त्रास आहे.' मी त्यांना सांगतो, जरा नको, किती वाजता गेली, किती वेळ गेली, काय जळलं, ते सांगा. नीट सांगितलं नाही तर नोंद होत नाही. हे मी दिवसातून वीस वेळा बोलतो. पण त्या दुपारी ताईच्या टेबलाशी बसलो आणि पहिल्याच पानावर माझं पाणी झालं.

"कपडे घालताना मदत लागते का?" मी वाचलं.

"लिही, लागत नाही."

"ताई, समोरच्या शिंपीणबाई येऊन तुझी बटणं लावतात."

"त्या येतात गप्पा मारायला. आल्यासारख्या लावतात. वेळ लागतो असं लिही."

"अंघोळ, संडास?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी चौथीतला मुलगा झालो. "हे असलं विचारतात? आणि तू हे मला वाचून दाखवतोयस?"

मी खाली पाहून लिहिलं, 'कधी कधी थोडा त्रास होतो.' बत्तीस पानांत मी तसं अकरा ठिकाणी लिहिलं. माझ्या खिडकीवर कुणी असा फॉर्म आणला असता तर मी परत पाठवला असता.

तपासणीचं बोलावणं आलं ते सकाळी नऊचं. मी तिला न्यायला आठ वाजता गेलो, तर ती दारात तयार उभी. कॉलरचा पांढरा सदरा, वर राखाडी स्वेटर, केस चापून बसवलेले, पायात बंदाचे बूट. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आज दिवस चांगला दिसतोय. नंतर कळलं, की शिंपीणबाईंनी आदल्या दिवशी संध्याकाळीच तिला सगळं घालून दिलं होतं, बुटांसकट, आणि ती खुर्चीत बसून तशीच झोपली होती. सदऱ्याला सुरकुती पडू नये म्हणून पाठ न टेकता.

तपासनीस बाई तरुण होत्या, वागायला नम्र. प्रश्न विचारत होत्या आणि संगणकावर टिपत होत्या. हात वर करा, मूठ वळा, हे पेन उचला. ताईनं दात आवळून सगळं करून दाखवलं. शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर पोरं करतात तसं. मी बाजूला बसलो होतो. दुखतं का, असं विचारलं की ती म्हणे, "चालायचंच." पलंगावर झोपवून गुडघे तपासले. ती उतरली, आणि उतरल्यावर वळून तिनं पलंगावरची चादर दोन्ही हातांनी ओढून सरळ केली, कोपरा गादीखाली खोचला. सवयच ती. चेहरा पांढराफटक पडला होता, पण कोपरा सरळ बसला.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. प्रत्येक अडचणीला गुण असतात, पंधरा लागतात, ताईला तीन मिळाले होते. सोबत तपासणीचा अहवाल. त्यात होतं, 'अर्जदार सकाळच्या वेळी नीटनेटक्या पोशाखात, बंदाचे बूट घालून आल्या. केस व्यवस्थित विंचरलेले. तपासणीनंतर पलंगावरची चादर स्वतःहून, दोन्ही हातांचा वापर करून नीट केली.'

ताईनं ते दोनदा वाचलं. "यात खोटं काहीच नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"तोच तर घोळ आहे."

"पंधरापैकी तीन." ती थोडी हसली. "तूही गणितात एवढेच आणायचास."

मी अपील करायचं ठरवलं. ती नको म्हणत नव्हती, हो पण म्हणत नव्हती. अपिलाच्या कागदांवर तिच्या सह्या लागणार होत्या, म्हणून एका मंगळवारी मी कामावर उशिरा जातो असं सांगून सकाळी दहाच्या सुमाराला तिच्याकडे गेलो. थंडीचे दिवस होते. दार वाजवलं, उत्तर नाही. माझ्याकडे तिच्या घराची किल्ली असायची. दार उघडलं तर आत नळ वाहत असल्याचा आवाज.

"ताई?"

"आत येऊ नकोस." आवाज न्हाणीघरातून आला. तो तिचा आवाजच वाटला नाही.

"काय झालं?"

"काही नाही. तू जा. शिंपीणबाईंना पाठव."

शिंपीणबाई गावाला गेल्या होत्या, चार दिवसांसाठी. ते तिलाही माहीत होतं. मी दाराशी उभा राहिलो. आत पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "छोट्या, ये. पण बघू नकोस."

ती साडेसहाला अंघोळीला बसली होती. बादली भरली, नळ बंद करायला गेली तर बोटं वळेनात. उठायला गेली तर गुडघे उठेनात. टॉवेल खुंटीवर, तिच्या हातापासून दोन हात लांब. साडेतीन तास ती त्या स्टुलावर बसून होती आणि थंड पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. मी मान फिरवून पलंगावरची रजई आणली, तिच्याभोवती गुंडाळली आणि उचललं. अंगात काही वजनच नव्हतं. दात वाजत होते. मी तिला पलंगावर ठेवलं, पाय चोळले, गरम पाण्याची पिशवी दिली, चहा केला. ती भिंतीकडे तोंड करून होती.

"हे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुझ्या बायकोलाही नाही."

"नाही सांगणार, ताई."

"माझ्याकडे बघून म्हण." ती वळली. डोळे लाल होते, पण कोरडे. मी तिच्याकडे बघून म्हटलं. आमच्याकडे चल राहायला, असंही म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "तुमच्या दोन खोल्यांत मी तिसरी कुठे मावणार? शिवाय तुझी बायको चादरी कशा घालते ते मी पाहिलंय."

अपिलाची तारीख पाच महिन्यांनी लागली. एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दुपारी बाराला. वेळ दुपारची असल्यामुळे ताई बरी होती, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. लिफ्ट होती, ती चालूही होती. आम्ही सव्वाअकराला पोचलो. वरच्या कॉरिडॉरमध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. बोलावणं आलं ते जवळजवळ बाराला. म्हणजे चाळीस मिनिटं आम्ही दोघं त्या खुर्च्यांत शेजारी शेजारी बसलो होतो. तिसरं कुणी नव्हतं. बोलायला याच्याहून चांगली जागा मिळाली नसती.

आम्ही काय बोललो? तिनं विचारलं, बायकोचा खोकला गेला का. मी म्हटलं, गेला. मग तिनं समोरच्या भिंतीवरच्या पोपड्यांकडे बोट दाखवून, सरकारी इमारतींना दरवर्षी रंग देतात तो जातो कुठे, असं विचारलं. मग मी माझ्या साहेबाची नक्कल केली आणि ती हसली. एकदा मात्र ती म्हणाली, "आत काय विचारतील रे?" मी म्हटलं, "तेच सगळं. तू फक्त खरं सांग." ती म्हणाली, "खरंच सांगते मी नेहमी." माझ्या मनात तो मंगळवार होता. त्याच्या तोंडावर हात ठेवून मी बसलो होतो. तिला तेव्हा विचारायचं माझ्या मनात आलंच नाही असं मी म्हणू शकत नाही. आलं होतं. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि नाही म्हणाली की माझे हात बांधले जातील, एवढा हिशेब मी तिथंच, तिच्या शेजारी बसून केला.

आत तिघं होते. मधे अध्यक्षबाई, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. एका बाजूला म्हातारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ते अपंगांच्या संस्थेत काम करणारे, स्वतः चाकाच्या खुर्चीत. माणसं वाईट नव्हती. अध्यक्षबाईंनी ताईला पाणी विचारलं, उशी हवी का विचारलं. मग प्रश्न सुरू झाले.

"सकाळी उठल्यावर काय होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"जरा आखडल्यासारखं होतं. मग हळूहळू सुटतं."

"अंघोळ स्वतः करता?"

"हो."

"कुणाच्या मदतीशिवाय?"

"उशीर लागतो इतकंच. जमतं."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला त्यांचं पेन दिसत होतं. चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ थोडं पुढे झुकून म्हणाले, "बाई, आम्हाला सांगायला संकोच वाटत असेल, पण आम्ही रोज हेच ऐकतो. सगळ्यांत वाईट दिवस कसा असतो?"

ताईनं हात मांडीवर एकावर एक ठेवले. "वाईट दिवस सगळ्यांनाच असतात," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही भाऊ ना? तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती. आणि मी सांगितलं. माझ्या खिडकीवर लोकांनी सांगावं अशी माझी इच्छा असते तसं, अगदी नीट. किती वाजता, किती वेळ, काय झालं. शिंपीणबाई, बटणं, खुर्चीत काढलेली रात्र. आणि मग तो मंगळवार. न्हाणीघर, स्टूल, नळ, टॉवेल किती हात लांब होता ते. तिच्या अंगावर काही नव्हतं, हेही मी म्हणालो. ते म्हणायची काय गरज होती? ऐकणाऱ्याला न सांगताही कळलं असतं. पण मी बोलत होतो आणि समोरची तिन्ही माणसं लिहायचं थांबून ऐकत होती, आणि मला, खरं सांगतो, त्याची चव लागली होती. आयुष्यभर मी लोकांच्या तक्रारी लिहून घेत आलो होतो. पहिल्यांदाच कुणीतरी माझी लिहून घेत होतं.

मी संपवून खाली बसलो. अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं झालं होतं का?"

ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. "झालं होतं."

त्यानंतर तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. हो, मदत लागते. हो, कपडे घालवत नाहीत. नाही, पातेलं उचलवत नाही. एकही शब्द जास्त नाही. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारत होते.

निकाल तिथंच सांगितला. एकवीस गुण. अर्ज मंजूर, अर्ज केल्या दिवसापासूनचा भत्ता मिळणार. चाकाच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी दारापर्यंत येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही बोललात ते फार बरं झालं." मी फुशारलो. लिफ्टमध्ये मी ताईला म्हटलं, "बघितलंस? एकवीस!" ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती.

बसमध्ये दोन जागा मिळाल्या. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "तुमचा स्टॉप आधी येईल. तुम्ही उतरा. मी जाईन."

मला वाटलं, थट्टा करतेय. "तुम्ही काय? कुणाला म्हणतेस?"

"तुम्हालाच," ती म्हणाली. शांतपणे. रागाचा लवलेश नव्हता. मी उतरलो नाही, तिला घरापर्यंत सोडलं. दारात ती म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला आज. सुट्टी पडली. ती किल्ली द्या आता, शिंपीणबाईंकडे ठेवते." मी खिशातून किल्ली काढून दिली. तिच्या हाताला ती धड पकडता येईना, म्हणून मी तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. तिनं हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. अपील कसं जिंकलं, समिती कशी गप्प झाली. अर्थातच त्यात काय सांगितलं, तेही सांगितलं. पाठीवर थापा पडल्या. घरी बायकोला सांगितलं. तिनं जेवण वाढता वाढता हात थांबवला.

"तू तिला आधी विचारलं होतंस ना?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर भत्ता मिळाला असता का?"

"मी ते नाही विचारलं," बायको म्हणाली.

त्याला आता सात वर्षं झाली. भत्ता दर महिन्याला येतो. त्यातून ताईनं सकाळी दोन तासांसाठी एक मदतनीस बाई ठेवली. ती सात वाजता येते, अंघोळ घालते, कपडे घालून देते, नाश्ता करते. न्हाणीघरात भिंतीला दांडे बसले. नळाला लांब दांड्याची मूठ आली, कोपरानंही फिरते. शिंपीणबाई आता खरंच नुसत्या गप्पा मारायला येतात. या सगळ्यातलं काहीही माझ्या बोलण्याशिवाय झालं नसतं, आणि हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात दम राहिलेला नाही.

मी दर रविवारी जातो. ती बसवते, विचारपूस करते. "या. बसा. चहा घेणार ना?" माझ्या बायकोला ती अजून 'अगं' म्हणते, तिच्या चादरींना नावं ठेवते. मदतनीस बाईशी हसत बोलते. मी आलो की तिचा आवाज खिडकीवर आलेल्या माणसाशी बोलतात तसा होतो. बायकोच्या माहेरी एवढ्या मानानं मला कुणी वागवत नाही. सुरुवातीला मी चिडायचो. मग मी विनोद करून पाहिले. मी मुद्दाम साखर सांडायचो, पूर्वी अशा वेळी ती 'छोट्या, गाढवा' म्हणायची. ती म्हणायची, "राहू द्या, बाई पुसतील."

गेल्या महिन्यात मदतनीस बाईंचा निरोप आला, मुलगी आजारी आहे, अकराशिवाय येणं होणार नाही. बायको म्हणाली, तू जा. मी आठला पोचलो. दार शिंपीणबाईंनी उघडून ठेवलं होतं आणि त्या त्यांच्या गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती, झोपेच्या कपड्यांत, खांद्यावर शाल. केस सुटलेले. पांढरे, विरळ. एवढ्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"काही लागेल का?" मी विचारलं.

"नाही. अकराला बाई येतील. तुम्ही पेपर वाचा."

मी पेपर घेतला. एक ओळ वाचली असेल नसेल. मग पेपर खाली ठेवून म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली, ती जाईपर्यंत ताई थांबली.

"तुमचं चुकलं नाही. तुम्ही बोलला नसता तर मला काही मिळालं नसतं. मला ते कळतं. मी काही वेडी नाही."

"मग?"

"मी तिथं होते ना," ती म्हणाली. "खोलीत. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर. तुम्ही असं बोललात जसं काही मी मेलेय आणि तुम्ही माझी गोष्ट सांगताय. मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग मी काय करायचं होतं?"

"पुन्हा विचारायचं." तिनं शाल ओढायचा प्रयत्न केला, ती सरकेना. मी पुढे झालो, तिनं मान हलवून नको म्हटलं. "आपण केवढा वेळ बसलो होतो बाहेर. मी तुम्हाला विचारलं, आत काय विचारतील. मला वाटलं, आता तुम्ही काढाल विषय. तुम्ही साहेबाची नक्कल करत बसलात. तुम्ही म्हणाला असता, ताई, ते न्हाणीघराचं सांगावं लागेल, तर मी आधी तुम्हाला झापलं असतं. मग रडले असते. मग कदाचित आत जाऊन मीच सांगितलं असतं. मला येत होतं सांगायला. नुसतं एकदा कुणीतरी सांग म्हणायला हवं होतं."

"कदाचित," मी म्हणालो.

"हो, कदाचित. आता ते कुणाला कळणार?"

तिचे हात शालीखाली होते, मला दिसत नव्हते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, बाहेर ऊन पडलंय का. मी उठून पडदा सरकवला आणि सांगितलं, पडलंय. तिनं मान डोलावली. मग मी चहा केला. तिचा कप धरून तिच्या ओठांशी नेऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. मी थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदाही ती नको म्हणाली, पण या वेळी तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

चहा निवत गेला. आम्ही अकरा वाजायची वाट बघत बसून राहिलो.